एका दिवसाचे दोन पगार: घरून दोन पूर्णवेळ नोकऱ्या लपवून करण्याबद्दल

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहून बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरून पूर्णवेळ काम, वर्षाचा पगार १२ लाख. रोजचं काम चार-साडेचार तासांत उरकतं. आता हैदराबादच्या एका कंपनीकडून तेवढ्याच पगाराची दुसरी पूर्णवेळ नोकरी चालून आली आहे, तीही घरूनच करायची. पहिल्या कंपनीला न सांगता दुसरी धरली तर त्यात चूक काय, ते कायद्यात बसतं का, आणि गोष्ट बाहेर पडते ती कुठून?

आधी माझा निकाल सांगतो, कारणं मागाहून. दोन ठिकाणी काम करण्यात गैर काहीच नाही. तोच तास दोघांना विकणं आणि विकल्याचं दोघांपासून लपवणं, हे गैर आहे. तुमचे तीनही प्रश्न या एका गाठीपाशी येऊन थांबतात.

शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी करून संध्याकाळी उद्यमनगरात स्वतःच्या लेथवर जॉबवर्क करणारा टर्नर कोल्हापुरात कुणालाच चोर वाटत नाही. बहुतेक वेळा त्याच्या मालकालाही ते ठाऊक असतं. पाळी सुटली, कार्ड पंच झालं, त्यापुढचे हात त्याचे स्वतःचे. तोच टर्नर पहिल्या पाळीत कंपनीच्या मशीनवर बाहेरचा जॉब लावू लागला, तर शेजारच्या मशीनवरचा माणूसच आधी नाराज होईल. फरक कष्टात नाही, तास कुणाचा यात आहे.

उसाचा दाखला तुमच्या प्रकरणाला आणखी जवळचा. तोड लवकर मिळावी म्हणून एकाच रानातल्या उसाची नोंद दोन कारखान्यांकडे करणारे शेतकरी असतात. त्यांची अडचण खरी असते; ऊस वाळत चाललेला असतो आणि टोळी काही येत नाही. पण कारखान्याचा शेती विभाग त्या नोंदीवरूनच टोळ्या आणि वाहनं ठरवतो. दुहेरी नोंदीचा ऊस ऐनवेळी दुसरीकडे गेला की इकडे टोळी रिकामी बसते. त्याचा फटका चेअरमनला बसत नाही. तो बसतो तोडणी मजुराला आणि ज्याची पाळी मागे पडली त्या शेजाऱ्याला. लपवलेल्या दुसऱ्या नोकरीचंही तसंच होतं.

तुमचा मुख्य युक्तिवाद असा की काम वेळेत होतं, मग उरलेल्या तासांचं मी काहीही करेन. हा युक्तिवाद कंत्राटी कामाला लागू पडतो, कारण तिथे तयार वस्तूचे पैसे ठरलेले असतात. मासिक पगारात तीन गोष्टींची किंमत असते: केलेलं काम, ठरलेल्या वेळात हाताशी असणं, आणि प्रतिस्पर्ध्याच्या ताटात न बसण्याची निष्ठा. एखाद्या महिन्यात प्रकल्पच नसला तरी पगार पूर्ण येतो. तो दुसऱ्या गोष्टीचा असतो. कामाविना गेलेल्या आठवड्याचे पैसे तुम्ही परत करत नाही, म्हणजे हाताशी असण्याचा सौदा तुम्हालाही मान्य आहे. मग उरलेले चार तास मोकळे आहेत असं म्हणता येत नाही. ते आधीच विकले गेलेत.

आकड्यांकडेही बघा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याच्या कामाची मर्यादा ४८ तास आहे. दोन पूर्णवेळ करार म्हणजे कागदावर आठवड्याला ८० ते ९६ तास. कुणीही एवढं काम करत नाही, करूही शकत नाही. म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं कमी दिलं जातं. सुरुवातीचे दोन-तीन महिने निभावतं, कारण नव्या माणसाला कंपनी सवलत देते. मग घसरण सुरू होते ती साध्या जागांवरून. दोन्हीकडची सकाळची दहाची बैठक एकाच वेळी येते. एका कानात एक, दुसऱ्यात दुसरी, आणि प्रश्न आला की ‘आवाज तुटला होता, परत सांगता का?’ कोडचा रिव्ह्यू न वाचता पास केला जातो. रात्री प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू यंत्रणा) बंद पडलं की फोन उचलायला तुम्ही नसता आणि दोन वर्षं अनुभवाची एखादी मुलगी पहाटे तीनपर्यंत एकटी झगडते. तिला कारण ठाऊक नसतं. नैतिक हिशोबात मला सर्वांत जड वाटतं ते हे: कंपनी मोठी आहे, ती सोसेल, पण तुमची कसर ताळेबंदात दिसण्याआधी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या झोपेत दिसते.

कोल्हापुरात याला एक पावसाळी बाजू आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतील. वीज आणि इंटरनेट गेलं की घरून काम करणारा सवलत मागतो आणि ती मिळतेही. दोन नोकऱ्या असल्या की तीच अडचण दोन ठिकाणी सांगावी लागते, आणि वीज आल्यावर दोन्हीकडचा तुंबलेला ढीग एकाच रात्रीत उपसावा लागतो. दोन्ही व्यवस्थापक आपण माणुसकी दाखवली म्हणून समाधानात असतात. त्या माणुसकीवर दुप्पट उचल झालेली असते.

आता कंपन्यांच्या बाजूचा दोषही सांगायला हवा, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. सरकारी डॉक्टरांना खासगी दवाखाना न चालवण्याबद्दल व्यवसायरोध भत्ता मिळतो. म्हणजे ‘फक्त आमच्याकडेच काम करा’ या अटीला किंमत असते हे सरकारने मान्य केलं आहे. बऱ्याच खासगी कंपन्या ही अट फुकट लिहून घेतात, वर ९० दिवसांची नोटीस लावतात, पगारवाढ दोन-दोन वर्षं गोठवतात आणि प्रकल्प संपला की महिन्याभरात निरोप देतात. काही सेवा कंपन्या तर एकाच अभियंत्याचे तास दोन ग्राहकांना लावतात. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांच्या जोरावर पगार मागावा, अट बदलून मागावी, नोकरी सोडावी. खोटं बोलण्याचा परवाना मात्र त्यातून मिळत नाही, कारण ज्यांच्याशी रोज खोटं बोलावं लागतं ते पगार गोठवणारे संचालक नसतात. तुमचे टीम लीड आणि सहकारी असतात.

कायद्याचं थोडक्यात. खासगी क्षेत्रातल्या पांढरपेशा माणसानं दोन नोकऱ्या केल्या म्हणून तुरुंगात टाकणारा कायदा आपल्याकडे नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ६० व्या कलमाने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला बंदी घातली, ती कारखान्यांपुरती. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत मालकाच्या हिताला बाधा येईल अशी जादा नोकरी करू नये असं कलम होतं. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कुणी जुन्या कलमांचे आकडे तोंडावर फेकले तर सध्याची तरतूद कोणती हे विचारून घ्या. तुमच्यासाठी खरा कायदा म्हणजे तुमचं नियुक्तिपत्र. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम धंद्याला आडकाठी करणारा करार रद्द ठरवतं, म्हणून ही अटच बेकायदेशीर आहे असं बरेच जण समजतात. ती समजूत चुकीची आहे. सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोकरी चालू असतानाच्या काळापुरती ‘दुसरीकडे काम करणार नाही’ अशी अट साधारणपणे व्यापारबंदी ठरत नाही. नोकरी सोडल्यानंतरची बंदी टिकणं अवघड, चालू नोकरीतली टिकते.

उद्योगाचा कल २०२२ मध्ये उघड झाला. विप्रोने त्या वर्षी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी एकाच वेळी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं. इन्फोसिसने सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांना कडक ताकीद दिली आणि ऑक्टोबरमध्ये व्यवस्थापक व एचआरच्या पूर्वपरवानगीने बाहेरची किरकोळ कामं करायला वाट दिली. स्विगीने तर ऑगस्टमध्येच परवानगीचं धोरण जाहीर केलं होतं. एकाच वर्षात हाकलणं आणि परवानगी देणं या दोन्ही गोष्टी घडल्या. परवानगीची वाट तेव्हापासून उघडी आहे, ती मागणारे कमी.

म्हणून आधी नियुक्तिपत्र काढा, आणि त्यासोबत येणारं आचारसंहितेचं पुस्तकही, कारण कडक वाक्यं तिथे दडलेली असतात. ‘होल टाइम एम्प्लॉयमेंट’, ‘एक्स्क्लुझिव्ह सर्व्हिस’, ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’, ‘आउटसाइड ॲक्टिव्हिटीज’ असे मथळे शोधा. दोन प्रकारची वाक्यं सापडतील. एकात लेखी परवानगीशिवाय मनाई असते. दुसऱ्यात सरसकट मनाई, मग ते काम पगारी असो वा बिनपगारी. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही व्यवसाय’ असे शब्द असतील तर लक्ष्मीपुरीतलं घरचं दुकानही जाहीर करावं लागतं, आणि एखाद्या कंपनीत संचालक म्हणून नाव असेल तर ते सरकारी नोंदीत कुणालाही दिसतं. शिवाय दरवर्षी एक ऑनलाइन घोषणापत्र येतं, ज्यात ‘माझा अन्य रोजगार नाही’ या चौकटीत टिचकी मारायची असते. तोवर लपवणं म्हणजे गप्प राहणं होतं. टिचकी मारली की ते लेखी खोटं निवेदन होतं, आणि चौकशीत सर्वांत आधी तोच कागद पुढे येतो.

पैशाचा भाग जरा सावकाश वाचा, इथे भले भले गडबडतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ ची नवी करप्रणाली आणि तुमचेच आकडे घेऊ. प्रत्येक कंपनी आपल्यापुरता हिशोब करते: १२ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, उरले ११ लाख २५ हजार. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत, म्हणून सूट लागू आणि टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) शून्य. दोन्हीकडे शून्य. हातात भरघोस रक्कम येते आणि वाटतं, कर बसतच नाही. प्रत्यक्षात दोन्ही पगार मिळून २४ लाख, वजावट एकदाच, म्हणजे करपात्र २३ लाख २५ हजार. टप्प्यांप्रमाणे कर होतो २,८१,२५० रुपये. ४ टक्के उपकर धरून २,९२,५००. वर्षभर एक रुपया कापला गेला नाही आणि जुलैमध्ये जवळजवळ तीन लाख एकरकमी भरायचे. वर व्याज. कराची देय रक्कम १० हजारांच्या पुढे गेली की आगाऊ कर लागू होतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. एकही हप्ता न भरता जुलैत विवरणपत्रासोबत भरलात तर या उदाहरणात व्याजच सुमारे २६,५०० रुपये होतं.

दोन्ही ठिकाणांचं उत्पन्न एकाच मालकाला सांगून टीडीएस बरोबर कापून घेण्यासाठी फॉर्म १२ बी आहे. लपवणारा तो देऊ शकत नाही, कारण त्यात दुसऱ्या मालकाचं नाव येतं. मग आगाऊ कर स्वतः भरणं एवढीच प्रामाणिक वाट उरते. एकच फॉर्म १६ दाखवून विवरणपत्र भरायचा मोह कधीच धरू नका. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वार्षिक माहिती विवरणात) दोन्ही पगार एकाखाली एक दिसतात आणि आयकर खात्याला ते शोधावे लागत नाहीत. व्यवसाय कराचंही तसंच. दोन्हीकडून कापला जातो, एकदाच्या जागी दोनदा. एक गैरसमज मात्र दूर करतो: तुमचा एआयएस किंवा २६ एएस (कापलेल्या कराचं विवरण) कंपनीला आपोआप दिसत नाही. पुढच्या नोकरीच्या पडताळणीत तो तुमच्याकडूनच मागितला जातो.

भविष्य निर्वाह निधीत (पीएफ) गाठ पक्की बसते. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, एकच आणि तो आधारशी जोडलेला. दोन कंपन्यांनी वर्गणी भरली की एकाच यूएएनखाली दोन सदस्य क्रमांक आणि त्याच महिन्यांच्या दोन नोंदी दिसतात. पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या संस्था तुमच्या संमतीने हाच सेवा-इतिहास बघतात, आणि ती संमती रुजू होतानाच्या गठ्ठ्यात तुम्ही सही करून दिलेली असते. यावर तोडगा म्हणून दुसऱ्या कंपनीत ‘माझा पीएफ कापू नका, मूळ पगार १५ हजारांच्या वर आहे’ असं सांगतात. ती सूट आधी सदस्य नसलेल्या माणसासाठी आहे. तुमचं खातं चालू आहे, म्हणजे रुजू होताना भरायच्या पीएफच्या फॉर्म ११ वर ‘सदस्य नाही’ लिहिणं खोटं ठरतं. याहून वाईट प्रकार म्हणजे दुसरी कंपनी रिलीव्हिंग लेटर (आधीच्या नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) मागते तेव्हा ते बनवून देणं. चालू नोकरीचं रिलीव्हिंग लेटर खरं असूच शकत नाही. तिथे करारभंगाची हद्द संपते आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा सुरू होतो.

तिसरं संकट कोडच्या मालकीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात तयार झालेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. बहुतेक नियुक्तिपत्रं त्याही पुढे जाऊन नोकरीच्या काळात सुचलेली प्रत्येक कल्पना आपल्या नावावर घेतात. दोन कंपन्यांनी असं लिहून घेतलं असेल तर दुपारी तीनला लिहिलेला कोडचा तुकडा कुणाचा? दोघींचाही, आणि म्हणून कुणाचाच निर्विवाद नाही. दोन्ही कंपन्या एकाच क्षेत्रात असतील, समजा दोघीही कर्जवाटपाचं सॉफ्टवेअर करतात, तर हे केवळ मालकीचं भांडण राहत नाही. एका ग्राहकाची माहिती डोक्यात ठेवून दुसऱ्याचं डिझाइन करताना गळती होतेच, हेतू नसला तरी. एका कंपनीच्या लॅपटॉपवर दुसरीचा मेल उघडणं, एकाच ब्राउझरमध्ये दोन खाती ठेवणं, दोन्हींचं काम एकाच एआय साधनात चिकटवणं, यातून ग्राहकांचा डेटा सरमिसळ होतो. करार मोडून दुसऱ्याची वैयक्तिक माहिती उघड करण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७२ अ कलमात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली कंपनीला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढी टांगती तलवार असलेली कंपनी तुमच्याकडे दयेने बघणार नाही.

धाकट्या भावाला किंवा मित्राला पासवर्ड देऊन दुसरी नोकरी त्याच्याकडून करून घेणं, हा प्रकारही चालतो. त्यात सहानुभूतीला जागाच नाही. ज्याला कुणी तपासलं नाही, ज्यानं गोपनीयतेची सही केली नाही, असा माणूस ग्राहकांच्या डेटात बसवला जातो. पकडलं गेलं तर भावाचंही नाव लागतं.

बाहेर कशानं पडतं, हे विचारलंत म्हणून सांगतो, पण लपवण्याचे उपाय माझ्याकडून मिळणार नाहीत. साध्याच गोष्टींनी पडतं: दोन्ही कंपन्यांना ओळखणारा जुना सहकारी, दोघींचा एकच ग्राहक, चुकीच्या बैठकीत उघडा राहिलेला माइक, कॅलेंडरवर रोज ठरावीक वेळी लावलेली ‘व्यग्र’ पट्टी, पगाराचं काम पाहणारी एकच बाहेरची संस्था. आजारपणाची रजा एका ठिकाणी आणि त्याच दिवशी दुसरीकडे लॉगिन, हा पुरावा तर कंपनीला न शोधता मिळतो. प्रसूतीच्या बाबतीत हे आणखी महागात पडतं: एकीकडून पगारी रजा घेऊन त्याच काळात दुसऱ्या आस्थापनेत काम केलं तर तो लाभ जप्त होतो अशी तरतूद १९६१ च्या कायद्यापासून आहे. खटला झालाच तर कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे, पण त्याचा दिलासा मानू नका. करारात बहुधा ‘वाद बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं लिहिलेलं असतं.

सरळ वाट कशी असते, ते बघू. व्यवस्थापकाशी तोंडी बोलून घ्या, पण त्याच्या ‘कर की, कोण विचारतंय’ या शब्दाला कागदावर किंमत नाही. तो बदलून गेला की परवानगीही गेली. एचआरला मेल करा आणि त्यात ही माहिती द्या: काम कुणासाठी, कोणत्या स्वरूपाचं, आठवड्याला किती तास आणि कोणत्या वेळी, ते प्रतिस्पर्धी नाहीत आणि त्यांचा तुमच्या ग्राहकांशी संबंध नाही, लॅपटॉप, इंटरनेट, सॉफ्टवेअर सगळं स्वतःचं, तिथलं काम त्यांच्या मालकीचं आणि इथलं इथल्या मालकीचं, कंपनीला हितसंबंधांचा संघर्ष वाटला तर १५ दिवसांत थांबवीन. तासांचा आकडा खरा लिहा. आठवड्याला दहा ते बारा तास, संध्याकाळी सात ते नऊ आणि शनिवार, अशी मागणी मान्य होण्यासारखी असते. चाळीस तास लिहिलंत तर नकार येणार, आणि तो नकार बरोबर असणार. मुदतीशिवायची परवानगी घेऊ नका. एक वर्षाची घ्या आणि नूतनीकरणाची तारीख स्वतः लक्षात ठेवा. उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असं समजू नका.

दुसऱ्या कंपनीलाही पहिल्या नोकरीचं सांगायचं. इथे बरेच जण अडखळतात, कारण सांगितलं तर पूर्णवेळची ऑफर जाईल. जाऊ शकते. पण त्याच कंपनीला अर्धवेळ किंवा ठरावीक कामाच्या कंत्राटावर तुम्ही हवे असाल, हेही घडतं, विशेषतः तिला तुमचं एखादं नेमकं कौशल्य हवं असेल तर. कंत्राटी कामात बिल तुम्ही द्यायचं, कर आणि विमा तुमचा. व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी. पगार त्यात मोजत नाहीत. आणि ‘मी तिथे नोकर नाही, कंत्राटदार आहे’ एवढ्यानं पहिल्या कराराची मनाई उठत नाही. परवानगी तरीही लागतेच.

काही वाचक आधीच दोन नोकऱ्यांत असतील. त्यांनी घाबरून उलटसुलट पावलं टाकू नयेत. कोणती ठेवायची हे आज ठरवा आणि दुसरीचा राजीनामा द्या. नोटीस पूर्ण करा आणि त्या काळात प्रामाणिकपणे सुपूर्द करा. लॅपटॉप फॉरमॅट करू नका, मेल स्वतःला पाठवू नका. या दोन कृती निर्दोष माणसालाही दोषी दाखवतात. चालू वर्षाचा एकत्रित कर लगेच काढून उरलेला आगाऊ कर पुढच्या हप्त्याला भरा. पीएफचं हस्तांतरण घाईनं करू नका. दोन्ही सदस्य क्रमांकांच्या रुजू आणि सोडल्याच्या तारखा बरोबर लागल्या आहेत ना ते पासबुकात बघा. पुढच्या नोकरीच्या फॉर्मवर सगळ्या नोकऱ्या विचारल्या असतील तर दोन्ही लिहा. ठेवलेल्या कंपनीला स्वतःहून सांगायचं का? दोन्ही कंपन्या प्रतिस्पर्धी असतील किंवा डेटा सरमिसळ झाला असेल तर सांगायलाच हवं, कारण तिथे न कळण्याचा धोका ग्राहकाला आहे. मेल लिहिण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा. तसं नसेल तर दुसरी नोकरी संपवणं हे पहिलं कर्तव्य. थेट विचारलं तर मात्र खोटं बोलू नका.

सरकारी कर्मचाऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि छोटा आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वमंजुरीशिवाय खासगी नोकरी वा व्यापार करता येत नाही. पत्नीच्या नावावर बिल काढून स्वतः काम करणं ही पळवाटही चौकशीत टिकत नाही.

आणि कोल्हापुरातल्या दहा-पंधरा माणसांच्या सॉफ्टवेअर फर्मच्या मालकांसाठी. स्क्रीनचे फोटो काढणारी पाळत बसवू नका. तिनं चांगली माणसं आधी जातात आणि दोन नोकऱ्या करणारा माउस हलवायचं यंत्र विकत घेतो. कामाचे सामाईक तास स्पष्ट लिहा, उदाहरणार्थ सकाळी अकरा ते दुपारी चार, आणि बाकीची वेळ सोडून द्या. बाहेरच्या कामाच्या अर्जाला सात दिवसांत उत्तर द्या. पूर्ण अनन्यता हवी असेल तर तिच्यासाठी पगारात वेगळी रक्कम दाखवा. कुणी चार तासांत काम संपवत असेल तर त्याला जादा जबाबदारी आणि तिचा पगार द्या, आणि महिन्याचा पगार एक तारखेचा सात तारखेवर ढकलू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर हैदराबादच्या ऑफरला आज होकार देऊ नका. उत्तरासाठी दहा दिवस मागा. त्या दहा दिवसांत बेंगळुरूच्या व्यवस्थापकापुढे खरी गोष्ट ठेवा की कामात वाव उरतो आहे, जादा काम आणि त्याचा मोबदला हवा आहे; हातात दुसरी ऑफर असताना हे बोलणं सोपं जातं. हैदराबादला विचारा की आठवड्याला बारा तासांचं कंत्राट जमेल का. दोन्हीकडून नकार आला तर दोन्ही पत्रांतला नोटिसीचा काळ, विमा आणि कामाचे तास समोरासमोर मांडा, एक निवडा, आणि दुसरीला त्याच दिवशी लेखी कळवा.